नावातला केर

आमच्या घरी एक जुनी वही आहे. लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेल्या. पणजोबांनी ती तंबाखूच्या हिशेबासाठी केलेली. पुढच्या पानांवर कुणाला किती मण दिले, कुणाकडून किती येणे, असा मोडीतला मजकूर आहे. मागच्या बाजूने वही उलटी धरून उघडली, की घरातल्या जन्मांच्या नोंदी लागतात. कोर्टात कारकुनी केलेल्या एका स्नेह्यांकडून ती पाने मी वाचून घेतली, तेव्हा त्यांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. ‘मुलगा. नववे दिवशी वारला.’ ‘मुलगी. सहावे दिवशी.’ ‘मुलगा. बारसे झाले नाही.’ एकाच बाईची सात बाळंतपणे, आणि त्यांतली तीन मुले जगलेली. त्या तिघांतले एक माझे आजोबा. त्यांच्या नावात केर होता.

बोरगाव आज निपाणी तालुक्यात आहे, पूर्वी चिकोडी तालुक्यात होते. आमचा बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले, आणि २०१४ साली बेळगावचे कागदोपत्री बेळगावी झाले. या सगळ्या नावबदलांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, यापुढेही लिहिले जाईल. मला मात्र आज माणसांच्या नावांविषयी लिहायचे आहे. निमित्त आहे आमच्या नातीचे.

२०१९ सालच्या हिवाळ्यात सूनबाईंना आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. कोल्हापूर गाठावे की बेळगाव, हा सीमाभागातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला प्रश्न रात्री दीड वाजता आमच्यापुढे उभा राहिला. गाडीवाल्याने बेळगावचा रस्ता धरला. पहाटे मुलगी झाली. वजन एक किलो सातशे ग्रॅम. अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे धरतात, हे मला त्या दिवशी कळले. बाळाला आतल्या काचेच्या खोलीत नेले आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. माझी आई तेव्हा पंच्याऐंशीची. ती घरून फोनवर म्हणाली, “अरं, पोरीचं नाव चांगलं ठेवू नका. केराचं ठेवा. तुझ्या आज्याला तसंच जगवलं हुतं.” मला राग आला. पण बाकावर बसल्याबसल्या तो राग निवला आणि त्या वहीची आठवण झाली.

केरबा, धोंडी, दगडू, भिकू ही नावे आपण थट्टेने घेतो. खरे तर ती शोकाची नावे आहेत. ज्या बाईची लागोपाठ मुले दगावली, ती पुढच्या मुलाला देखणे नाव ठेवायला धजत नसे. मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे, शेजारणीने ते ‘सापडले’ म्हणून उचलायचे आणि आईने पसाभर धान्य देऊन तिच्याकडून विकत घ्यायचे. मग ते केराचे पोर झाले. केराकडे कोण बघतो? मृत्यूची नजर चुकवायची ती रीत होती. काही घरांत मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवीत, आणि तो नथू होई.

आणि हे केवळ मराठीत होते असे नाही. आमच्या गल्लीतल्या कानडी घरांत तिप्पाण्णा असतो. तिप्पे म्हणजे उकिरडा. कल्लाप्पातला कल्लू म्हणजे दगड, गुंडाप्पातला गुंडू म्हणजे गोटा. ही नावे पुढे देवादिकांशी आणि वाडवडिलांशी जोडली गेली, तशी आपल्याकडे धोंडोपंतही झालेच. पण तिप्पाण्णाच्या आईने आणि केरबाच्या आईने एकाच उकिरड्यापाशी उभे राहून एकच भीती भोगली होती. तिला भाषेची सीमा नव्हती.

ही भीती किती खरी होती, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, हा सल त्यांच्या मनातून गेला नाही. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरचाच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना देऊ केले होते. ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले. आमच्या पणजीची मुले जात होती, त्या काळातली ही गोष्ट आहे, आणि कोल्हापूर आमच्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. पण तेव्हा ते अंतर बैलगाडीचे होते, आणि बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचे नाही, या रीतीचे त्याहून मोठे होते.

वहीतले आकडे मी पुन्हा पाहिले. सहावा, नववा, आठवा. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असे आपण मानतो. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, रात्रभर दिवा जागवतो. कानडीत नशिबाला ‘हणेबरह’ म्हणतात, म्हणजे कपाळावरचे लिखाणच. नेमकी पाचवी-सहावी रात्रच का, याचे एक उत्तर मला वहीत दिसते. नाळ विळ्याने किंवा बांबूच्या चिपेने कापीत आणि जखमेवर राख नाही तर शेण लावीत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ते नाळेतून शिरले, की बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते. आमच्या पणजीची सगळी मुले धनुर्वातानेच गेली असे मी म्हणणार नाही. पण पाचवीची रात्र बायकांनी का जागवली असेल, हे मला यातून समजते. वैऱ्याची वेळ त्यांना ठाऊक होती, वैरी दिसत नव्हता.

तो वैरी गेला कसा, हेही सांगायला हवे. गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोचायची, म्हणजे आईचे संरक्षण रक्तावाटे बाळाला मिळते. आणि सुईणीला पाच गोष्टी शिकवायच्या : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काही न लावणे. इतके साधे. तरीही भारतातून नवजात बालकांचा धनुर्वात हटला, असे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडले.

आमच्या बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवले होते, डोळ्यांवर पट्टी बांधून. आमच्या विहीणबाई साताऱ्याकडच्या. त्यांना वाटले, बाळाचे डोळेच गेले. तेवढ्यात एक सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, “कूसु चलो ऐतरी. अंजबॅडरी.” विहीणबाईंनी त्यातला एकच शब्द ऐकला, ‘कूस’, आणि लेकीला काही झाले म्हणून त्या मटकन खाली बसल्या. कानडीत कूसु म्हणजे बाळ. ‘बाळ चांगलं आहे, घाबरू नका,’ एवढेच ती सांगत होती. आम्ही हसलो, आणि हसता हसता सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आले. आपल्या एका शब्दात आई आहे, त्यांच्या तसल्याच शब्दात मूल आहे. व्युत्पत्ती पंडितांनी पाहावी. मला त्या बाकावर तो शब्द पुरेसा होता.

या दिव्यांचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. १९५६ साली त्यांनी एक पिवळे बाळ डॉक्टरांना दाखवले. त्याच्या अंगाचा पिवळेपणा उतरला होता, फक्त चादरीच्या घडीखाली झाकलेला तिकोनी तुकडा पिवळाजर्द राहिला होता. त्यावरून शोध सुरू झाला आणि १९५८ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नवजात बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडून पिवळे द्रव्य तयार होते. ते बाहेर टाकायला कोवळे यकृत कमी पडते. ते फार वाढले तर मेंदूला इजा होते. निळा प्रकाश कातडीतल्या त्या द्रव्याचे रूप बदलतो, आणि मग ते शी-लघवीवाटे निघून जाते. आई फोनवर म्हणाली, “आमी पोरं कवळ्या उन्हात धरत हुतोच की!” ती अगदीच चुकीची नव्हती. पण डॉक्टरांनी समजावले, की उन्हाचे माप राहत नाही, अशक्त बाळ गारठते नाही तर भाजते, आणि कावीळ वाढलेली असेल तर उन्हाच्या भरवशावर राहू नये.

पाचव्या रात्री पाट, कागद, दिवा, काहीच नव्हते. सूनबाईंच्या छातीशी बाळ उघड्या अंगाने बांधलेले होते, वरून शाल. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही रीत सुरू केली. आईच्या अंगाची ऊब हीच पेटी. कांगारूवरून तिला नाव पडले. दोन तासांनी सूनबाई थकल्या, तेव्हा सिस्टरने माझ्या मुलाला शर्ट काढायला सांगितला. आमच्या घराण्यात बापाने बारा दिवसांच्या आत मूल असे छातीशी धरल्याचे मी ऐकले नव्हते. तो अवघडून बसला होता, श्वाससुद्धा जपून घेत होता. त्या रात्री कुणीच झोपले नाही. म्हणजे पाचवी जागवली गेलीच.

मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांची ही कथा झाली. न पोचणाऱ्यांचे काय? याचे उत्तर मराठी मुलखातच शोधले गेले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायकांना बाळ तोलायला, ऊब द्यायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवले. डिसेंबर १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू इतर गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी होते. २०११ पासून हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. आणि आमच्या बेळगाव जिल्ह्यातही असेच घडले. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी, इतर संशोधकांच्या साथीने, खेड्यांतल्या १६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव परिचारिकेने दिलेल्या साध्या गोळ्यांनी निम्म्यावर येतो, हे त्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. ज्या बाळाची आई वाचते, त्याची अर्धी काळजी मिटते.

१९७१ साली भारतात हजारी १२९ बाळे पहिल्या वर्षातच जात. २०२० मध्ये ही संख्या २८ वर आली. अजून ती शून्य नाही, हे त्या बाकावर बसलेला माणूस विसरत नाही. आमच्या शेजारी बसलेले एक जोडपे चौथ्या दिवशी रिकाम्या हातांनी घरी गेले. आम्ही त्यांना काही बोलू शकलो नाही.

एकविसाव्या दिवशी बाळ घरी आले. आशाताई आल्या आणि झोळीच्या काट्यावर त्यांनी वजन केले. त्या कानडीत आकडा बोलल्या, मी मराठीत लिहून घेतला. आईने काजळाची तीट लावायला घेतली. डोळ्यांत घालू नका, असे ताईंनी सांगितले, तेव्हा ती तिने तळपायाला लावली.

बारसे सव्वा महिन्याने झाले. नाव चांगलेच ठेवले. आई काही बोलली नाही. आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितल्यावर आई मात्र पाळण्यापाशी वाकली आणि आजोबांचे केराचे नाव तिने हळूच उच्चारले. मला ऐकू आले, पण मी ऐकले नाही असे केले.

रात्री ती वही काढली. शेवटच्या नोंदीखाली बरीच जागा कोरी होती. तिथे मी बाळबोध लिपीत लिहिले : ‘मुलगी. आठव्या महिन्यात. वजन एक किलो सातशे. आहे.’