तिरक्या नजरेच्या खेळाची फरदड

संगणकीय खेळांच्या इतिहासात खेळाडूंच्या रोषाचे जे प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितले जातात, त्यांत २ नोव्हेंबर २०१८ चा प्रसंग अग्रभागी आहे. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे ब्लिझार्ड कंपनीचा मेळावा भरला होता. 'डायब्लो' मालिकेच्या चौथ्या भागाची आस लावून, पदरमोड करून चाहते जमले होते. त्यांना सांगण्यात आले की येणारा खेळ चौथा भाग नव्हे. 'डायब्लो इमॉर्टल' ही मूळ मालिकेला फुटलेली एक शाखा आहे, ती चिनी कंपनी नेटईजच्या सहकार्याने घडत आहे आणि केवळ मोबाइलसाठी आहे. हा अवेळीचा एप्रिल फूल तर नव्हे, असे एका चाहत्याने ध्वनिक्षेपकावरून विचारले. संगणकावर खेळता येणार नाही हे कळताच सभागृहात हुर्यो उठली. तेव्हा मंचावरील वायट चेंग या रचनाकाराने उलट विचारले, तुमच्याकडे फोन नाहीत का?

उर्मटपणाचा नमुना म्हणून हे वाक्य अजरामर झाले. तथापि वऱ्हाडात बसून ते वाचताना आम्हांला त्याचा अर्थ थोडा निराळा लागतो. अमरावती-अकोल्याच्या बहुसंख्य मुलांना हाच प्रश्न केला असता तर उत्तर सरळ आले असते: आहेत, आणि तेवढेच आहेत. खेळाडूंची प्रतिक्रिया म्हणून इतिहासात जी नोंदली गेली, ती एका सभागृहातली, घरी उत्तम संगणक असणाऱ्यांची होती. तिचा राग खोटा नव्हता; पण तिला खेळाच्या पूर्वजांचा विसर पडला होता असे आमचे मत आहे.

हे पूर्वज पाहण्यासाठी आधी तिरकी नजर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला चित्रफलकावर ३० अंशांच्या रेघा ओढलेल्या कोणालाही 'आयसोमेट्रिक' हा शब्द परका नाही. वस्तूच्या तिन्ही बाजू सारख्याच प्रमाणात आखायच्या आणि दूरची वस्तू लहान करायची नाही, एवढेच त्याचे मर्म. (काटेकोर पाहता 'डायब्लो'तला कोन थोडा वेगळा आहे, परंतु नाव हेच रूढ झाले.) या पद्धतीचा फायदा असा की एकदा काढलेली फरशी, भिंत किंवा सांगाडा पडद्यावर कोठेही तसाच चिकटवता येतो, अंतरानुसार पुन्हा आकडेमोड करावी लागत नाही. १९८२ चा 'झॅक्सन' आणि १९८४ चा 'नाइट लोर' हे या नजरेचे आरंभीचे गाजलेले खेळ. त्यांतला दुसरा तर अवघ्या ४८ किलोबाइट स्मृतीच्या स्पेक्ट्रम संगणकावर चालत असे. तिरकी नजर हे दुबळ्या यंत्रांना सापडलेले शहाणपण होते.

१९९६ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या 'डायब्लो'ची जन्मकथाही बोलकी आहे. त्याचा मुख्य रचनाकार डेव्हिड ब्रेविक याच्या मनात आळीपाळीने डाव टाकण्याचा खेळ होता, बुद्धिबळासारखा, सावकाश. तो सलग, थेट हाणामारीचा करावा असा आग्रह ब्लिझार्डने धरला, सहकाऱ्यांनीही कौल त्याच बाजूने दिला आणि ब्रेविक नाखुशीने कामाला लागला. काही तासांत बदल झाला. त्याने सांगाड्यावर क्लिक केले, सांगाडा कोसळला आणि त्याचा विरोध तेथेच मावळला. ज्या रूपाला चाहते पुढे पवित्र मानू लागले, त्याला पहिला नकार खुद्द जनकाने दिला होता.

वऱ्हाडात हा खेळ पोहोचला तो बहुतांशी २००० साली आलेल्या दुसऱ्या भागाच्या रूपाने. २३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ३२ मेगाबाइट रॅम एवढ्यावर तो चाले. महागडे ग्राफिक कार्ड लागत नसे. राजकमल चौकापासून अकोल्याच्या रतनलाल प्लॉटपर्यंतच्या सायबर कॅफेंतली यंत्रे याच दर्जाची असत. तबकड्या नकली असत, हे लपवण्यात अर्थ नाही. तासाचे पैसे मोजून खेळायचे आणि मध्येच भारनियमन आले की अंधारात बसून राहायचे, असा तो काळ. २०१२ साली तिसरा भाग आला आणि हे दार बंद झाले. एकट्याने खेळायचे तरी महाजालाची अखंड जोडणी सक्तीची होती. पहिल्या रात्री तर जगभरच्या खेळाडूंना 'एरर ३७' या पाटीखेरीज फारसे काही दिसले नाही. ती पाटी पुढे दंतकथा झाली. आमच्याकडे मात्र वीज आणि जोडणी या दोन्हींची खात्री नसल्याने त्या पाटीपर्यंत पोहोचणेही जिकिरीचे होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, स्वस्त डेटा आला आणि संगणकाची पायरी ओलांडून आख्खी पिढी थेट फोनवर खेळू लागली. सायबर कॅफेंपैकी जे तगले ते अर्ज भरण्याची आणि झेरॉक्सची दुकाने झाले.

म्हणून 'इमॉर्टल' फोनवर आला हा आमच्या लेखी अपराध नव्हे. दुबळ्या यंत्रासाठी जन्मलेली नजर पुन्हा हाताशी असलेल्या यंत्राकडे आली, इतकेच. अपराध निराळा होता आणि तो चार वर्षांनी उघड झाला. २ जून २०२२ रोजी खेळ प्रसिद्ध झाला, तोही संगणकावरच्या चाचणी आवृत्तीसह. पहिल्याच आठवड्यात तो एक कोटीहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला. प्रवेश चकटफू होता. पण पात्राचे बळ ज्या रत्नांवर अवलंबून, ती मिळवण्याचा मार्ग पैसे मोजून खेळायच्या सोडतीतून जात होता. एक पात्र पूर्णत्वाला नेण्याच्या खर्चाची खेळाडूंनी मांडलेली गणिते लाख डॉलरपर्यंत गेली. बेल्जियम आणि नेदरलँड्स येथील सोडतविषयक कायद्यांमुळे त्या देशांत खेळ आणलाच गेला नाही. मेटाक्रिटिकवर खेळाडूंनी दिलेले गुण दहापैकी एकाच्याही खाली घसरले.

आमच्याकडे कापसाची वेचणी संपल्यावर झाडे न उपटता पाणी देऊन आणखी एक पीक काढतात, त्याला फरदड म्हणतात. हाती चार पैसे येतात, परंतु गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. म्हणून फरदड घेऊ नका असे कृषितज्ज्ञ कानीकपाळी ओरडतात. जुन्या खेळाच्या नावावर काढलेल्या शाखेला याहून नेमका शब्द आम्हांला सुचत नाही. मूळ झाड तेच, कष्ट कमी, आणि अळी बोंडाच्या आत. अनाहाइमच्या सभागृहाने हुर्यो केली ती फोनची. अळी त्या दिवशी कोणाला दिसणे शक्यच नव्हते.

याच काळात आपल्या राज्यात, पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' हा खेळ घडवला. तीही बरीचशी वरून आणि दुरून पाहणारी हाणामारी. पहाडी लघुचित्रांची छाया, कठपुतळ्यांच्या सावल्यांतून सांगितलेली कथा. २०१७ ची लोकवर्गणीची मोहीम फसल्यावरही चमू टिकला आणि ऑगस्ट २०२० मध्ये स्विचवर, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर खेळ आला. त्याला पूर्वज नव्हता, त्यामुळे दुखावलेले भक्तही नव्हते. खेळाडूंनी चित्रांची वाखाणणी केली, लढाई अवघडलेली वाटते आणि कथा ऐन रंगात तुटते अशी तक्रार केली, आणि दोन्ही बाबतींत ते बरोबर होते. कोणाच्या श्रद्धेला तडा गेल्याची भाषा त्यांत नव्हती. निकोप प्रतिक्रिया म्हणतात ती हीच. परंतु तो खेळायला कन्सोल किंवा बरा संगणक हवा होता. पुण्याहून अमरावती-अकोल्याच्या खिशापर्यंत यायला 'राजी'ला आणखी काळ लागला, आणि अखेर ती फोनवर आली तीही नेटफ्लिक्सची वर्गणी भरणाऱ्यांसाठी.