देब्युसीचा पियानो आणि तोरू ताकेमित्सु : प्रभावाच्या इतिहासाचा विचार

एका कलावंतावर दुसऱ्याचा प्रभाव पडला, असे आपण सहज म्हणतो. परंतु प्रभाव म्हणजे नेमके काय, याचा विचार क्वचितच होतो. ‘नेत्तिप्पकरण’ या पालि ग्रंथात हेतू आणि पच्चय यांत भेद केला आहे. अंकुराला बीज हा हेतू, तर माती व पाणी हे पच्चय होत. जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सु (१९३०-१९९६) यांच्या जडणघडणीकडे पाहताना हा भेद फार उपयोगी पडतो.

फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी (१८६२-१९१८) यांच्या संगीताला दृक्प्रत्ययवादी म्हटले जाते. हे नाव चित्रकलेतून आले, आणि स्वतः देब्युसींना ते मान्य नव्हते. तथापि त्यांच्या पियानोरचनांनी एक नवी दृष्टी दिली, हे निर्विवाद होय. पूर्वी स्वरसंघात हा पुढच्या स्वरसंघाताकडे नेणारी पायरी असे; देब्युसींनी त्याला स्वतःचा रंग आणि स्वतःचे अस्तित्व दिले. १९१० व १९१३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या २४ ‘प्रेल्यूड्स’मध्ये शीर्षके प्रत्येक रचनेच्या आरंभी नसून अखेरीस छापली आहेत, जणू आधी ऐकावे आणि मग नाव घ्यावे.

या दृष्टीमागे आशियाचाही वाटा होता. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात देब्युसींनी जावा बेटातील गामेलान वाद्यवृंद ऐकला. १९०३ च्या ‘एस्ताम्प’ या संचातील ‘पगोडा’ या पहिल्या रचनेत पाच स्वरांची योजना आणि घंटांसारखा रेंगाळणारा नाद आढळतो. १९०५ मध्ये ‘ला मेर’ या वाद्यवृंदरचनेच्या मुखपृष्ठावर जपानी चित्रकार होकुसाई यांच्या लाटेचे चित्र छापले गेले.

ताकेमित्सुंचे तारुण्य युद्धाच्या छायेत उगवले. १९४४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांना लष्करी तळावर श्रमासाठी नेण्यात आले. पाश्चात्त्य संगीतावर बंदी असताना तेथे एका अधिकाऱ्याने ऐकविलेल्या फ्रेंच गीताने त्यांना संगीताकडे वळविले. युद्धानंतर जपानी पारंपरिक संगीत ऐकताच त्यांना युद्धाच्या कटू आठवणी येत; म्हणून त्यांनी ते दूर लोटले. पियानो विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि संगीताचे शिक्षणही बहुतांशी स्वतःच घेतलेले. देब्युसींना ते आपले गुरू मानीत. तोशी इचियानागी या मित्राने त्यांना ओलिव्हिए मेसियाँ यांच्या ‘प्रेल्यूड्स’चा परिचय करून दिला, त्या रचनांवरही देब्युसींची छाप होती.

या पच्चयांतून काय उगवले? १९५० मध्ये सादर झालेल्या ‘लेंतो’ या पियानोरचनेतच संथ गती आणि स्वर विरत जाईपर्यंत ऐकण्याची वृत्ती दिसते. एका समीक्षकाने तिला संगीतच मानले नाही. तरी मार्ग सोडला गेला नाही. १९८२ च्या ‘रेन ट्री स्केच’मध्ये पेडलने लांबविलेला नाद शांततेत विरतो आणि ती शांतताही रचनेचाच भाग होते. १९९१ च्या ‘कोटेशन ऑफ ड्रीम’मध्ये, दोन पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिताना, त्यांनी ‘ला मेर’मधील अंश उघडपणे उद्धृत केले. प्रभाव लपविण्याची गरज त्यांना वाटली नाही.

दरम्यान बुनराकु या बाहुलीनाट्यातील संगीत ऐकून ज्या परंपरेपासून ते दूर गेले होते, तिच्याकडे ते नव्या कानांनी वळले. १९६७ च्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’मध्ये बिवा आणि शाकुहाची ही वाद्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर उभी राहिली. शाकुहाची ही बासरी एकेकाळी फुके या झेन पंथाच्या भिक्षूंची. मेईजी शासनाने १८७१ मध्ये तो पंथ बंद केला. एकाच स्वरातील बारकावे ऐकण्याची सवय या वाद्याला मुळातच आहे. देब्युसींनी एकेका स्वरसंघाताला जे महत्त्व दिले, त्याचे नाते येथे लक्षात येते.

म्हणून ‘जपानने फ्रान्सचे अनुकरण केले’ किंवा ‘फ्रान्सने आशियाचे उसने घेतले’ ही दोन्ही विधाने अपुरी होत. माती पॅरिसची होती, त्या मातीत आशियाचे कण मिसळले होते, परंतु बीज ताकेमित्सुंच्या स्वतंत्र श्रवणाचे होते. केवळ जन्माने मिळाली म्हणून त्यांनी परंपरा पत्करली नाही, आणि परकी म्हणून एखादी विद्या नाकारलीही नाही. दोन्ही पारखून घेतल्या. परंपरा आपली होते ती या परीक्षेनंतरच.