लढाईतली जीप

भीमा आणि मुळा-मुठा यांच्या बेचक्यात आमचे राहू वसले आहे. तेथे आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपरात, चिपाडांच्या ढिगाआड एक जीप वीस वर्षे उभी होती. सारा गाव तिला ‘लढाईतली जीप’ म्हणे. आजोबांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली, असे आण्णा सांगत. मीही एका कादंबरीत ते जसेच्या तसे घालून मोकळा झालो होतो. थकलेल्या आण्णांना तिच्यातून एकदा शिवारात हिंडवावे, म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचे काम काढले.

जीपचा जन्म मोठ्या घाईतला. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने नमुन्याची गाडी मागितली आणि मुदत दिली अवघी 49 दिवसांची. बँटम या लहानशा कंपनीने ती पाळली. पण मोठी कंत्राटे गेली विलीज आणि फोर्ड यांच्याकडे. लढाई संपेतो दोघांनी सहा लाखांवर जीपगाड्या केल्या.

आमचे इंजिन जाम होते. सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतून आठ दिवस थांबलो. मग मिस्त्रींनी हेड उतरवले, तो पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्येच! लढाईतल्या इंजिनात सारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. ते वर आले, इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. असे उंच बॉनेट अमेरिकेत निघाले 1953 साली. लढाई तर 1945 लाच संपली होती! शिवाय लढाईतल्या जीपचे स्टिअरिंग डाव्या बाजूला, आमचे उजव्या. इतकी वर्षे ते डोळ्यांपुढे होते.

तेव्हा ही बाई मुंबईची. तेथे 1945 मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आले. याच कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडण्यास आरंभ केला. पुढे उंच बॉनेटाची जीप येथेच घडू लागली.

हे आण्णांना सांगावे कसे? तीन दिवस तोंड उघडले नाही. चौथ्या दिवशी धीर करून सांगितले. ते हसले. “मला ठावं हुतं रं. पण तुझा आजा सांगायला बसला, की त्याच्यापुढं कोण बोलणार?”

ब्रेकचे काम अजून राहिले आहे. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, तर तेही एक वाक्य दुरुस्त करायचे आहे. पण आण्णा म्हणतात, राहू दे.