शिक्षणातला खंड, पुढची कमाई आणि हरसूल

कॉलेज मध्येच सुटलं की पुढची कमाई घटते, असं आपण सरसकट म्हणतो. पण खंडात माणूस काय करतो आणि परत येताना दार उघडं असतं का, हे आधी बघायला हवं.

बाबासाहेबांचंच घ्या. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली ते लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतले. मात्र चार वर्षांत पुन्हा येण्याची विद्यापीठाची परवानगी त्यांच्या खिशात होती. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. ती नोकरी सुटली. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं. म्हणजे खंडातही विषय सुटला नाही. पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, एवढ्या जोरावर १९२० ला ते परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. झाले. एवढं करूनही वकिलीत सुरुवातीला कामं कमीच आली. त्याचं कारण खंड नव्हे, जात.

आता इथलं बघू. हरसूलची शेती पावसावरची: भात, नागली, वरई. भात निघाला की कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. छाटणीपासून खुड्यापर्यंत, म्हणजे पार मार्च-एप्रिलपर्यंत काम चालतं. कॉलेजच्या परीक्षाही त्याच सुमारास! उचल घेतलेली असली तर ती फेडल्याशिवाय परतता येत नाही. मग पोरगं पेपरला बसणार कसं?

जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ च्या पुस्तकात कमाईचं गणित शिक्षण आणि अनुभव यांवर मांडलं. अनुभवाबरोबर पगार वाढतो, हे त्यात गृहीत आहे. बागेत तसं होत नाही हो! विसाव्या वर्षीची मजुरी आणि चाळिशीतली मजुरी जवळपास सारखीच. सिडनहॅमचा काळ पुढे उपयोगी पडला. बागेतल्या दोन वर्षांची नोंद कुठेच होत नाही.

दार उघडं ठेवायचे प्रयत्न झालेत. नाशकातच १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. २०२१ च्या नियमांनुसार मिळवलेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत जपून ठेवता येतं. लंडनने चारच वर्षं दिली होती. पण क्रेडिट खात्यात पडायला आधी सत्राची परीक्षा द्यावी लागते, आणि ती येते ऐन खुड्यात.