बिननावाचे रोप

हापूसची कोय पुरली तर हापूस येत नाही, हे कोकणातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कोयीतून येतो तो रायवळ. तो गोड निघेल, आंबट निघेल, क्वचित उत्तमही निघेल. कारण बी बहुधा परपरागणातून तयार होते; आई माहीत असली तरी बाप माहीत नसतो. कलमात मात्र मूळ झाडाचीच फांदी वाढते. मग बियांपासून केलेली बिननावाची रोपे घरगुती बागेसाठी विकणे योग्य की अयोग्य? सफरचंदाचीही हीच तऱ्हा असल्याने त्याचा इतिहास येथे उपयोगी पडतो.

अमेरिकेत जॉन चॅपमन (१७७४–१८४५) नावाचा रोपवाला होऊन गेला. पेनसिल्व्हेनियात सफरचंदाचा रस काढीत, तेथील चोथ्यातले बी तो गोळा करी आणि ओहायोत वसाहतवाले पोचण्याआधीच रोपवाटिका लावून ठेवी. रोपाची किंमत काही सेंट. पैसे नसतील तर जुने कपडेही चालत. कलम करणे म्हणजे झाडाला इजा करणे, असे त्याचे मत होते. त्यामुळे त्याच्या रोपांना जातीचे नाव नसे. यात गिऱ्हाइकाची फसवणूक झाली का? आम्हांला तसे वाटत नाही. रोप बियांचे आहे हे उघड होते, किंमत त्या मानाने होती आणि आंबट-तुरट फळेही सायडर हे पेय किंवा व्हिनेगर करण्यास चालत.

अशा रोपांतून रत्नेही सापडली. आयोवा राज्यात जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप आपोआप उगवले. ओळीबाहेर आले म्हणून त्याने ते दोनदा छाटले, तरी ते पुन्हा फुटले, असे सांगतात. १८९० च्या दशकात स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने त्याचे हक्क घेतले आणि त्याला ‘डेलिशस’ हे नाव दिले. पुढे जगभर पसरलेल्या या जातीचे मूळ ते एकच झाड. बाकी सारा कलमांचा विस्तार.

यावरून नावाचा अर्थ कळतो. नाव म्हणजे ‘मूळ झाडासारखेच फळ येईल’ हे वचन. बियांच्या रोपाला ते लावणे ही सरळ लबाडी. पण गप्प राहणे? चॅपमनचे गिऱ्हाईक जाणते होते. आज अंगणात एकाच झाडापुरती जागा असलेल्या माणसाला रोप आणि कलम यांतला फरक ठाऊक असेलच असे नाही. फळ येईपर्यंत त्याची अनेक वर्षे जातात. पैसे परत देता येतात, वर्षे नाहीत. म्हणून गिऱ्हाईक जितके अजाण, तितकी विक्रेत्याची सांगण्याची जबाबदारी मोठी, असे आम्हांला वाटते.

शाळेत मुलांनी कोय लावली तर कुंडीवर चिठ्ठी लावायला सांगावे: ‘आई हापूस, बाप अज्ञात’. रोप कुणाला दिले, तर ती चिठ्ठीही सोबत द्यावी.