गुरुजी आणि उपग्रह : १९७५ चा ‘साइट’ प्रयोग

१/ शाळेत नवे यंत्र आले की शिक्षक त्याला विरोध करतात, अशी एक सोयीची समजूत आहे. पन्नास वर्षांपूर्वी भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोहोचली. तो इतिहास या समजुतीला छेद देतो. हा धागा त्याविषयी.

२/ १ ऑगस्ट १९७५. ‘नासा’चा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वर्षभरासाठी वापरायला मिळाला. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही सहा राज्ये निवडली गेली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. मात्र मुलांसाठीचे विज्ञान-कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत तयार होत.

३/ बाहेर तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची अँटेना, आत सार्वजनिक जागी, बहुधा शाळेत, ठेवलेला संच. तो लावण्याची व सांभाळण्याची जबाबदारी अनेक गावांत गुरुजींवरच आली.

४/ सकाळचे दीड तासाचे शालेय प्रसारण चार भाषांत विभागलेले. प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे. समोर ५ ते १२ वर्षांची मुले एकत्र. पडदा थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे. लहानग्याला न कळलेले समजावून सांगायचे ते गुरुजींनीच, आणि तेही कार्यक्रम संपल्यावर.

५/ म्हणजे वर्गात बोलणार दुसराच, उत्तरे देणार गुरुजी. अशा वेळी ‘यंत्र चांगले की वाईट’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. ‘यात माझे स्थान कोणते?’ हा शिक्षकाचा खरा प्रश्न असतो.

६/ त्याचे एक उत्तर याच प्रयोगात सापडते. ऑक्टोबर १९७५ मध्ये, मुले सुटीवर असताना, सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षक त्याच संचांसमोर विद्यार्थी म्हणून बसले. बारा दिवसांचे विज्ञान-प्रशिक्षण. जोडीला रेडिओ, छापील साहित्य, चर्चा आणि स्वतःच्या हातांनी करायचे प्रयोग. पुढील वर्षी त्याची पुनरावृत्ती झाली; एकूण शिक्षक सुमारे ४८,०००.

७/ सकाळच्या प्रसारणात यंत्र गुरुजींच्या डोक्यावरून मुलांशी बोलत होते. या वर्गात ते गुरुजींशी बोलले. यंत्र तेच, शिक्षकाला दिलेले स्थान वेगळे.

८/ ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाची मुदत संपली व उपग्रह परत गेला. शाळा तिथेच राहिल्या, गुरुजीही. आज वर्गात टॅब किंवा स्मार्ट फळा येतो तेव्हा शिक्षकाच्या कपाळावर आठी दिसली, तर तिला अडाणीपणा म्हणण्याआधी एवढे विचारावे : हे यंत्र त्याच्याशी बोलते आहे, की त्याला ओलांडून?