ला बेल ए ला बेत (सुंदरी आणि पशू)

फ्रेंच कवी-नाटककार झाँ कॉक्तो यांनी दिग्दर्शित केलेला कृष्णधवल चित्रपट (1946). मादाम लप्रँस द बोमाँ यांनी अठराव्या शतकात मुलांसाठी लिहिलेली परीकथा हा त्याचा आधार. बापाने तोडलेल्या एका गुलाबापायी मुलगी पशूच्या वाड्यात जाऊन राहते, एवढेच मूळ कथानक.

चित्रीकरण 1945 मध्ये, महायुद्ध नुकतेच संपले असताना सुरू झाले. फिल्म दुर्मीळ, वीज बेभरवशाची, आणि कॉक्तो त्वचारोगाने बेजार. तरीही पडद्यावर कुठे कमतरता जाणवत नाही. क्रिस्त्याँ बेरार यांची वेशभूषा व नेपथ्य आणि आँरी आलकाँ यांचे छायाचित्रण गुस्ताव्ह दोरेची चित्रे आणि डच चित्रकारांनी रंगवलेली घरे आठवायला लावतात. वाड्याच्या भिंतींतून माणसांचे जिवंत हात मेणबत्त्या धरून बाहेर येतात आणि पाहुणा पुढे सरकेल तशा त्या आपोआप पेटतात. युक्ती साधी: मेणबत्त्या विझवतानाचे दृश्य उलटे फिरवले, इतकेच. आजच्या संगणकी चमत्कारांपेक्षा ही हातचलाखी अधिक गूढ वाटते.

झाँ मारे यांनी पशू, राजपुत्र आणि गावातला प्रेमिक अशा तिन्ही भूमिका केल्या. पशूच्या रंगभूषेला रोज सुमारे पाच तास लागत. नायिका जोझेत दे. शेवटी पशूचा देखणा राजपुत्र होतो, तेव्हा प्रेक्षकाला चुटपुटच लागते. केसाळ पशूच अधिक लोभस होता. संगीत जॉर्ज ऑरिक यांचे. पुढे फिलिप ग्लास यांनी ते व संवाद वगळून, याच चित्रफितीवर बेतलेला ऑपेरा रचला (1994).